बाळाच्या कातडीलाही वाफसा हवा

लागण, खोडवा, खतांच्या मात्रा यांवर या पानांतून नेहमीच लिहितो. आज घरातल्या कोवळ्या पिकाकडे वळू.

मागे आम्ही घाट उतरून कात्रजला भाचीकडे बाळ बघायला गेलो होतो. बाळ चार महिन्यांचं. रात्रभर किरकिर, पाय आपटणं. लंगोट सोडून पाहिला तर ढुंगण आणि जांघा लालबुंद. विहीणबाई म्हणाल्या, "हळद लावा." शेजारीण म्हणाली, "पावडर थापा." जावईबापूंनी तर आधीच औषधाच्या दुकानातून कुणाला न विचारता एक ट्यूब आणलेली. तिने दोन दिवस लाली दबली आणि मग दुप्पट जोराने वर आली, जांघेच्या घडीतही शिरली. शेवटी बाळ डॉक्टरांकडे नेलं. ट्यूब वाचून ते म्हणाले, "यात जोराचं स्टिरॉइड आहे. बाळाला बुरशी झालीय. बुरशीला हे खतच घातलंत!"

कात्रज-धनकवडीच्या एकाच परिसरात वैद्यकीय आणि आयुर्वेद अशी दोन्ही महाविद्यालये नांदतात. आपल्या घरांतही हे दोन्ही पंथ असतात. पण या दुखण्याच्या मुळाबद्दल दोघांचे एकमत आहे.

मूळ कशात आहे?

सुश्रुताने या विकाराला 'अहिपूतना' म्हटले आहे. मलमूत्र लागलेला भाग धुतला नाही, घाम साचला, की खाज सुटते व फोड येतात, असे कारण त्याने दिले. आजचे शास्त्र तेच सांगते. ओल्या कातडीला घासले की ती सोलते. लघवीतून अमोनिया तयार होतो, त्याने कातडीचा आंबटपणा कमी होतो आणि शौचातले पाचक रस जास्त झोंबू लागतात. जुलाब लागले की म्हणूनच त्रास वाढतो.

शेतकऱ्याला हे पटकन कळेल. सरीत पाणी तुंबले की उसाची मुळी कुजते. रानाला वाफसा लागतो. तसाच बाळाच्या कातडीलाही लागतो. तेव्हा पहिले औषध म्हणजे कोरडेपणा. लंगोट कापडाचा असो की विकतचा, दर दोन-तीन तासांनी बदलावा. शी झाली की लगेच. कोमट पाण्याने धुवावे, मऊ फडक्याने टिपावे, चोळू नये. दिवसातून तीन-चार वेळा थोडा वेळ लंगोटाविना उघडे ठेवावे. कापडी लंगोट साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळून उन्हात वाळवावेत.

घरचे काय चालेल?

खोबरेल तेलाचा हलका हात न सोललेल्या कातडीला चालतो. आयुर्वेदातले शतधौत घृत, म्हणजे तांब्याच्या भांड्यात पाण्याने शंभर वेळा धुतलेले तूप, जाणत्या वैद्याकडून घ्यावे. त्याचा थर ओल अडवतो. कोरफडीचे मलम आणि कॅलेंड्युलाचे मलम यांची इराणमध्ये बाळांवर तुलना झाली. तिचा निष्कर्ष 2012 साली प्रसिद्ध झाला. दोन्हींनी आराम पडला. मात्र कॅलेंड्युला म्हणजे आपल्या दसऱ्याचा झेंडू नव्हे, ते फूल वेगळे. झेंडू वाटून लावू नये. कोरफडीचे पान कापून थेट लावू नये. सालीखालचा पिवळा चीक झोंबतो. चिरलेल्या कातडीवर बाजारची हळद किंवा कडुनिंबाचा कडक काढाही नको.

दुकानातले काय घ्यावे?

झिंक ऑक्साइडचे मलम किंवा साधी पेट्रोलियम जेली जाड थराने लावावी. दर वेळी थर खरवडून काढू नये. घाण तेवढी पुसून वरून पुन्हा लावावे. घडीत लालभडक चट्टा आणि भोवती बारीक पुळ्या दिसल्या तर बुरशीची शंका घ्यावी. तिला बुरशीचेच मलम लागते, तेही डॉक्टर सांगतील तितके दिवस. कीड ओळखल्याशिवाय आपण फवारा मारत नाही, मग पोराच्या अंगावर का मारावा? लंगोटाखाली झाकलेल्या कातडीतून स्टिरॉइड जास्त शोषले जाते, हे ध्यानात ठेवावे.

पावडरीबद्दलही सावध राहा. ती उधळली की बाळाच्या श्वासात जाते. जुन्या घरांत असणारी बोरिक पावडर तर मुळीच नको. सोललेल्या कातडीतून ती अंगात भिनते, विष ठरते. 1972 साली फ्रान्समध्ये एका टाल्कम पावडरीत हेक्साक्लोरोफीन हे जंतुनाशक चुकून भरमसाट मिसळले गेले आणि 36 बाळे दगावली. पांढरे ते सगळेच निर्दोष नसते.

दोन-तीन दिवसांत उतार पडला नाही, पू, फोड किंवा रक्त दिसले, ताप आला, तर दवाखाना गाठावा.

भाचीचं बाळ आठवड्यात हसू लागलं. विहीणबाई आता स्वतः लंगोट बदलायचं घड्याळ सांभाळतात.

जाता जाता एक गोष्ट. हंगामात आपल्या फडावर ऊसतोडीला येणाऱ्या बायांजवळही तान्ही लेकरं असतात. पाचटावर निजलेल्या त्या लेकराचा लंगोट धुवायला कोपीजवळ पाणी नसतं. आपल्या विहिरीवरून दोन हंडे स्वच्छ पाणी आणि वाळत घालायला एक दोरी, एवढं प्रत्येक सभासदाला सहज जमेल. ऊस आपला आहे, तो तोडणाऱ्या हातांवरचं लेकरूही आपलंच समजू या.