जुनी आउटबोर्ड मोटर : भंगारात घालण्यापूर्वी

आमचा धंदा कापडाचा. परंतु किनाऱ्यावरच्या बाजारपेठेत कापड विकणाऱ्याला समुद्राचा हिशेब ठेवावाच लागतो. होडी बंद तर गिऱ्हाईक बंद, आणि उधारीचे पानही उलटत नाही. लहान होडीची मोटर रुसली की घरात चर्चा एकच : नवी घ्यायची तर कर्ज काढावे लागेल, जुनी ठेवायची तर भरवसा नाही. आमचे म्हणणे असे की, निकाल देण्यापूर्वी जुन्या मोटरची नीट तपासणी तरी व्हावी. पुष्कळ मोटरी मरण्याआधीच भंगारवाल्याच्या काट्यावर चढतात.

होडीच्या मागे लटकणारी ही मोटर अमेरिकेत ओल एव्हिनरूड यांनी 1909 साली बाजारात आणली. त्यांच्या नावाच्या मोटरींचे उत्पादन 2020 मध्ये थांबले. प्रदूषणाच्या नियमांमुळे परदेशात कार्बोरेटरच्या टू-स्ट्रोक मोटरी मागे पडल्या आहेत. तरीही जुन्या टू-स्ट्रोक मोटरी आजही चालतात, कारण त्यांची रचना साधी आहे व हुशार मिस्त्रीला ती हातात धरून समजते.

तीन गोष्टी, एकच क्रम

माग थांबला तर विणकर आधी तुटलेला धागा शोधतो, माग उकलायला बसत नाही. येथेही तसेच. इंजिनाला तीन गोष्टी लागतात : इंधन, ठिणगी आणि दाब. तपासणी याच तीन गोष्टींची, पण स्वस्त व सोपी आधी.

प्रथम टाकी पाहावी. झाकणावरील हवेचा स्क्रू बंद राहिला तर मोटर काही मिनिटे चालून आपोआप बंद पडते. मग नळीवरील रबरी पंपाचा फुगा पाहावा; त्यावरील बाणाचे तोंड मोटरकडे हवे. मोटर हळू चालते पण वेग दिला की दम तोडते, अशा वेळी फुगा दाबत राहावे. मोटरने उचल घेतली तर इंधनपंपाचा पडदा कमजोर आहे, किंवा नळी कोठेतरी हवा ओढते आहे, असे समजावे. फुगा दाबूनही फरक नाही, तर कार्बोरेटर उघडावा. महिनोन्महिने पडलेल्या पेट्रोलचा चिकट थर जेटचे बारीक भोक बुजवतो. जेट तारेने कोरू नये, भोक मोठे होते. द्रावणात भिजवून हवेने साफ करावा.

आजकालच्या पेट्रोलबद्दल एक इशारा. 2025 पर्यंत आपल्या पंपांवर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्रास झाले. इथेनॉल हवेतील ओल ओढून घेते आणि जुन्या रबरी नळ्या व पडदे खराब करते. म्हणून लागेल तेवढेच पेट्रोल घ्यावे, साठवू नये, आणि नळ्या बदलताना इथेनॉल सोसणाऱ्या घ्याव्यात.

दुसरी पाहणी ठिणगीची. काढलेला प्लग वायरला जोडून इंजिनाच्या लोखंडाला टेकवावा व दोरी ओढावी. हे करताना प्लगच्या भोकापासून दूर राहावे, तेथून पेट्रोलची वाफ येते. प्लग फिकट तपकिरी असेल तर ठीक; काळा व ओला असेल तर इंधन वा तेल जास्त किंवा ठिणगी कमजोर; पांढरा पडलेला असेल तर इंजिन तापते आहे किंवा त्याला इंधन कमी पडते आहे. फार जुन्या मोटरीत फ्लायव्हीलखाली पॉइंट व कंडेन्सर असतात. ओलीने पॉइंटवर थर चढतो. तो साफ करून फट मापाने बसवावी. ठिणगी आहे, पेट्रोल आहे, तरी मोटर उलट धक्का देते, तर फ्लायव्हीलची चावी कापली गेली आहे का ते पाहावे.

तिसरी तपासणी दाबाची, मापकाने. सर्व सिलिंडरांचा आकडा जवळपास सारखा असावा. एकाचा फार खाली असेल तर रिंग, पिस्टन किंवा गॅस्केट गेले. मोठा खर्च येथे सुरू होतो. नवी की जुनी, हा सवालही येथेच विचारावा, त्याआधी नाही.

पाणी आणि तेल

जुन्या मोटरीचा सर्वांत मोठा शत्रू उष्णता. थंड करणारे पाणी वर चढवतो तो रबरी इंपेलर. मोटर सुरू होताच बाजूच्या भोकातून पाण्याची धार दिसली पाहिजे. धार नाही तर मोटर ताबडतोब बंद करावी. इंपेलरची पाती तुटलेली निघाली तर तुकडे पाण्याच्या वाटेत अडकलेले असतात; तेही शोधून काढावेत. कोरड्यावर मोटर क्षणभरही चालवू नये.

पेट्रोलमधील तेलाचे प्रमाण मोटरच्या पुस्तिकेप्रमाणे ठेवावे. 50 ला 1 म्हणजे एका लिटरला 20 मिलिलिटर, 25 ला 1 म्हणजे 40 मिलिलिटर. तेल आउटबोर्डचेच हवे; चारचाकीचे तेल चालत नाही. अंदाजाने ओतलेले तेल कमी पडले तर पिस्टन जाम होतो.

खालच्या गिअरचे तेल दुधासारखे निघाले तर सील गेले व आत पाणी शिरले. पंख्याच्या दांड्यावर जाळ्याचा धागा गुंडाळला गेला की तो सील कापतो, म्हणून पंखा मधूनमधून काढून पाहावा. इंजिन जोरात फिरते पण होडी हलत नाही, तेव्हा गिअर खोलण्याआधी शिअर पिन तुटली का ते पाहावे. रोज परतल्यावर गोडे पाणी दहा मिनिटे फिरवावे.

मोटर समुद्रात पडली तर बाहेर काढून उन्हात वाळवत ठेवणे म्हणजे ती गमावणे होय, कारण हवा लागताच गंज धरतो. प्लग काढून पाणी उपसावे, गोड्या पाण्याने धुवावे, तेल घालून त्याच दिवशी सुरू करावी. चालू असताना बुडाली असेल व दोरी अडत असेल तर जोर लावू नये. आतला कनेक्टिंग रॉड वाकलेला असू शकतो.

धंद्याच्या दोन गोष्टी

मिस्त्री बंधूंना विनंती की, शोध न घेता भाग बदलू नयेत. बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्यावा व काय केले ते चिठ्ठीवर लिहावे. इमानाची चिठ्ठी दुसऱ्या वर्षीचे गिऱ्हाईक आणते. दुकानदारांनी इंपेलर, सील, प्लग, पंपाचे पडदे, शिअर पिना एवढा माल मोटरच्या मॉडेलप्रमाणे लिहून ठेवावा. किमतीने तो लहान आहे, परंतु त्याच्याअभावी होडी आठ-आठ दिवस किनाऱ्यावर पडून राहते.

आणि होडीवाल्यांना एवढेच की, जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मोटर तशीच टांगून ठेवू नये. टाकी व कार्बोरेटर रिकामे करावे, गिअरचे तेल बदलावे, प्लगच्या भोकातून थोडे तेल घालून दोरी दोनदा ओढावी. खाडीच्या तोंडाबाहेर वारा उलटल्यावर मोटर पुन्हा सुरू होते की नाही, हे बहुतेक वेळा या दोन महिन्यांतच ठरलेले असते.