अमृताचा घट जिथे फुटला
कावेरीकाठ : लेखांक 6

नाशिककरांना बारा वर्षांचा हिशेब शिकवावा लागत नाही. गुरू सिंह राशीत आला की रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्तावर माणसांचा पूर लोटतो, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. पण गुरू सिंहेत असतानाच हजार-बाराशे किलोमीटर दक्षिणेला आणखी एका गावात पर्वणी भरते, हे आपल्याकडे फारसं कुणी सांगत नाही. नाशिकचा मागचा सिंहस्थ 2015 चा. त्याच फेऱ्यातली कुंभकोणमची पर्वणी 22 फेब्रुवारी 2016 रोजी झाली. तिचं नाव महामहम. तमिळ मासी महिन्यात, म्हणजे साधारण आपल्या माघात, पौर्णिमेच्या सुमारास चंद्र मघा नक्षत्रात येतो तो दिवस मासी महम. हा दिवस दरवर्षी येतो. गुरू सिंहेत असेल त्या वर्षीचा मोठा महम, म्हणून महामहम.

मागच्या लेखांकात आपण तंजावरचा राजवाडा आणि सरस्वती महाल ग्रंथालय पाहिलं. तिथून जेमतेम 40 किलोमीटरवर, उत्तरेला कावेरी आणि दक्षिणेला अरसलार यांच्या मधोमध हे देवळांचं गाव आहे. बहुतेक प्रवासी ते अर्ध्या दिवसात उरकतात : चार गोपुरं, चार फोटो, एक कॉफी, चला पुढे. या घाईत हातून निसटतं ते गावाचं मर्म, आणि ते आहे पाण्यात. म्हणून कुंभकोणम पाहायला सुरुवात देवळापासून करू नये, तलावापासून करावी.

महामहम तलाव सहा एकरांहून मोठा आहे. पहाटे गेलात तर दगडी पायऱ्यांवर दोन-चार माणसं अंघोळ करताना दिसतात, बाकी शांतता. काठाने सोळा लहान मंडप आहेत. ते आणि या पायऱ्या बांधल्याचं श्रेय तंजावरच्या नायक राजांचे मंत्री गोविंद दीक्षित यांना दिलं जातं; म्हणजे हे काम मराठे तिथे पोहोचण्याच्या आधीचं. तलावाच्या पोटात वीस विहिरी आहेत आणि प्रत्येकीला तीर्थाचं नाव आहे. पर्वणीला लोक एकेका विहिरीचं पाणी अंगावर घेत पुढे सरकतात आणि मग तलावात बुडी मारतात. शेजारच्या काशी विश्वनाथाच्या देवळात नऊ नद्या नऊ कन्यांच्या रूपात उभ्या आहेत. लोकांची पापं धुऊन मळलेल्या या नद्या बारा वर्षांनी स्वतःला धुवायला इथे येतात, अशी श्रद्धा आहे. त्या नऊ जणींत आपली गोदावरीही आहे. नाशिकला आपण तिच्यात न्हातो आणि तिची अंघोळ मात्र कुंभकोणमला!

गावाची मूळ कथाही घटाचीच. प्रलयात ब्रह्मदेवाचा अमृताने भरलेला कुंभ वाहत वाहत इथे येऊन टेकला. शिवाने किराताच्या वेशात बाण मारून तो फोडला. अमृत सांडलं तिथे तळी झाली. वाळू आणि अमृत कालवून शिवाने जे लिंग घडवलं तो आदि कुंभेश्वर. लिंग वाळूचं म्हणून त्याच्यावर पाण्याचा अभिषेक होत नाही, सुगंधी लेप लावतात. पंढरीच्या मूर्तीला वज्रलेप देताना होणारी चर्चा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना ही काळजी लगेच समजेल.

कुंभेश्वराच्या पूर्वेला शारंगपाणीचं देऊळ आहे. वैष्णवांच्या 108 दिव्यदेशांपैकी हे एक, आणि मान मोठा. गोपुर अकरा मजल्यांचं. पण मान वर करून ते पाहिल्यावर दमून बाहेर पडू नका; खरी गंमत गाभाऱ्यात आहे. गाभारा रथाच्या आकाराचा आहे : दगडी चाकं, दगडी घोडे, दगडी हत्ती. आत जायला दोन दारं, एक उत्तरायणाचं, दुसरं दक्षिणायनाचं. सूर्य फिरला की देवाकडे जायची वाटही फिरते. रामस्वामी देवळात मंडपाच्या खांबांवरचं कोरीवकाम आणि प्रदक्षिणेच्या भिंतीवर चितारलेलं रामायण पाहायला निदान तासभर हवा. हे देऊळ रघुनाथ नायकाच्या काळातलं, म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातलं. नागेश्वराचं देऊळ त्याहून कितीतरी जुनं, नवव्या शतकातल्या चोळांचं. त्याच्या बाहेरच्या भिंतींवरल्या माणसांच्या मूर्ती इतक्या जिवंत आहेत, की त्या कोणाच्या यावर अभ्यासक अजून वाद घालतात.

मराठी माणसाने चुकवू नये असं देऊळ मात्र चक्रपाणीचं. इथे पूजा विष्णूच्या सुदर्शन चक्राची. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी या देवाच्या कृपेने आजारातून बरे झाले, अशी आख्यायिका आहे, आणि हात जोडून उभ्या असलेल्या राजांची पंचधातूची मूर्ती देवळात आहे. सरस्वती महालात भेटलेला ग्रंथवेडा, शस्त्रक्रियांची टिपणं ठेवणारा राजा इथे साधा नवस फेडणारा भक्त होऊन भेटतो.

एखादं गोपुर परांचीने आणि झावळ्यांच्या ताट्यांनी झाकलेलं दिसलं तर हिरमुसू नका. दर बारा वर्षांनी डागडुजी, रंगरंगोटी करून देवळाचा कुंभाभिषेक करण्याचा इथला रिवाज आहे. जपानमधल्या इसेचं शिंतो देवस्थान तर दर 20 वर्षांनी शेजारच्या मोकळ्या जागेवर मुळापासून नवं बांधतात. 2013 मध्ये ते असं पुन्हा उभं राहिलं. रंगवलेलं गोपुर पाहून ‘जुनेपण घालवलं’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की नांदतं देऊळ हे संग्रहालय नव्हे.

दुपारी बारा-साडेबाराला देवळांची दारं लागतात ती चार वाजल्यानंतर उघडतात. ही वेळ जेवणाची. पानावरचा भात-सांबार तमिळनाडूत सगळीकडे मिळतो. इथे सकाळच्या इडलीबरोबर ‘कडप्पा’ मागा. मुगाची डाळ, उकडलेला बटाटा आणि खोबरं-खसखस-बडीशेपेचं वाटण घातलेलं हे पातळसर कालवण बाहेर क्वचितच दिसतं. चव सौम्य, आपल्या कुर्म्याच्या जवळची, पण डाळीमुळे पोटभरीची.

आणि मग डिग्री कॉफी. पितळी फिल्टरच्या वरच्या भांड्यात पूड दाबून बसवायची, उकळतं पाणी ओतायचं आणि थेंबथेंब गळणाऱ्या अर्काची वाट पाहायची. तो पहिला दाट अर्क, पाणी न घातलेलं ताजं दूध आणि साखर. पेला येतो तो पितळी ‘डबऱ्यात’ बसून. मराठी माणसाला डबरा म्हटलं की रस्त्यातला खड्डा आठवतो. इथे ती पसरट, काठाची वाटी आहे. पेल्यातून डबऱ्यात, डबऱ्यातून पेल्यात, हात लांब करून कॉफी दोन-तीनदा ओतली की फेस येतो आणि ती पिण्याजोगी निवते. ‘डिग्री’ कशाची, यावर मतभेद आहेत : कुणी म्हणतात दुधाचा कस पाहणाऱ्या लॅक्टोमीटरची, कुणी म्हणतात पहिल्या अर्काची. वाद घालायला दुसरा पेला मागवावा.

जेवणानंतर विडा. कावेरीच्या गाळावर वाढणारं इथलं कोवळं, कमी तिखट नागवेलीचं पान, म्हणजे वेत्रिलै, तमिळ मुलखात नावाजलेलं आहे. सोबत सुपारीचे पातळ काप, ज्यांना ‘सीवल’ म्हणतात.

याच गाळाची दुसरी करामत जवळच्या स्वामिमलैला दिसते. मुरुगनच्या देवळाच्या 60 पायऱ्या तमिळ पंचांगातल्या 60 संवत्सरांच्या नावाने आहेत. पायथ्याच्या गल्ल्यांत स्थपतींच्या कार्यशाळा आहेत. मेण आणि राळ एकत्र करून आधी मूर्ती घडवतात, अगदी नखं आणि दागिन्यांसकट. तिच्यावर कावेरीच्या मऊ गाळाचा पहिला थर, मग जाड मातीचे थर, बाहेरून तारा. साचा तापवला की मेण वितळून वाहून जातं आणि त्या पोकळीत पंचधातूचा रस ओततात. निवल्यावर साचा फोडावा लागतो, म्हणून एका साच्यातून एकच मूर्ती. घट फुटल्यावर देव प्रकटला, ही गावाची कथा. स्वामिमलैच्या कारागिरांचा तो रोजचा धंदा आहे.

दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर गावापासून चारेक किलोमीटरवर. दुसऱ्या राजराज चोळाने बाराव्या शतकात बांधलेलं हे मंदिर 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराने आपण दिपून जातो; इथे आपण वाकून बघतो. वीतभर चौकटीत हत्ती आणि बैल एकाच मस्तकात कोरलेले आहेत : एक बाजू झाका, हत्ती दिसतो, दुसरी झाका, बैल. बलिपीठाच्या पायऱ्या आघाताने स्वर देतात, पण त्या आता जाळीआड आहेत. मंदिराबाहेरच्या वस्तीत रेशीम विणणारे सौराष्ट्री विणकर राहतात. त्यांच्या घरातली बोली कान देऊन ऐका. गुजराती-मराठीच्या नात्यातली ही भाषा शेकडो वर्षं तमिळ शेजारात टिकली आहे.

आपल्या माणसांची खूण आणखी एका नावात आहे. 1828 मध्ये कुंभकोणममधल्या देशस्थ मराठी घरात टी. माधवराव जन्मले. त्रावणकोर, मग इंदूर, मग बडोदा अशा तीन संस्थानांचे ते दिवाण झाले. सयाजीराव महाराज अज्ञान असताना, 1875 ते 1882, बडोद्याच्या कारभाराची घडी या कुंभकोणमच्या माणसाने बसवून दिली. आणि शारंगपाणीच्या समोरच्या रस्त्यावर, ओसरीच्या एका लहानशा घरात, श्रीनिवास रामानुजन वाढले. ते घर आता स्मारक म्हणून जपलं आहे. आत विशेष काही नाही, एक खाट, एक खिडकी. पण गणिताशी वैर असलेल्यांनीही तिथे दोन मिनिटं थांबावं.

संध्याकाळ जवळच्या गोविंदपुरमसाठी राखा. संत बोधेंद्र सरस्वतींचं समाधिस्थान तिथे आहे, आणि शेजारीच उंच शिखराचं विठ्ठल-रुक्मिणीचं देऊळ. आपले अभंग तमिळ वळणाच्या उच्चारांत, कर्नाटकी रागांत कानावर पडले की आधी हसू येतं आणि मग आपलेच ओठ हलू लागतात.

आता व्यवहाराचं. कुंभकोणमला किमान दोन मुक्काम करा; एप्रिल-मे टाळा; देवळं सकाळी आणि संध्याकाळी, कार्यशाळा दुपारी. पुढचं महामहम 2028 मध्ये आहे. 1992 च्या पर्वणीत चेंगराचेंगरी होऊन अनेक भाविक दगावले होते, त्यामुळे म्हाताऱ्या आई-वडिलांना घेऊन त्या दिवशी जाण्याचा हट्ट धरू नका. पुण्य मोजणाऱ्यांना दरवर्षीचा मासी महम आहेच. आणि नुसतं गाव पाहायचं असेल तर कुठलाही साधा मंगळवार चालेल. त्या दिवशी तलावाच्या पायरीवर बसायला जागा मिळते.

(पुढील लेखांक : तिरुविडैमरुदूर)