पडीक मानलेल्या माळांचा मागोवा

वाशिम जिल्हा 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झाला. त्याच्या वाट्याला दाट जंगल फारसे आले नाही. आले ते सोयाबीन, तूर, कपाशीचे शिवार आणि मधूनमधून गवताचे माळ. महसुली दप्तरात यांतले कित्येक माळ ‘ई-क्लास’, म्हणजे सरकारी जमीन; लोकांच्या तोंडी पडीक. तरीही पश्चिम विदर्भातील वन्यजीवांविषयी गेल्या पाव शतकात जे अनपेक्षित उमगले, त्यातले बरेचसे अशाच उघड्या जमिनीवरचे आहे.

पहिली नोंद काळविटाची. 2000 साली त्याच्यासाठी कारंजा-सोहोळ अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र जेमतेम 18 चौ. किमी. काळविटाला झाडी नको असते. दूरवर दिसणारे, पळायला मोकळे रान हवे असते. त्यामुळे माळावर सरसकट रोपे लावणे हे या प्राण्यावर उपकार नव्हेत.

तणमोराची गोष्ट याहून गुंतागुंतीची आहे. पावसाळ्यात नर गवतातून उंच उसळी घेतो, क्षणभर दिसतो आणि पुन्हा गडप होतो. दिवसभरात अशा शेकडो उड्या. एरवी हा पक्षी डोळ्यांना सापडतच नाही. अकोला-वाशिम भागात त्याच्या जागा नेमक्या ठाऊक होत्या त्या फासेपारध्यांना, कारण पिढ्यान्‌पिढ्या फास लावण्यासाठी त्यांना माळ वाचावाच लागे. कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या ‘संवेदना’ संस्थेने हेच ज्ञान तणमोर आणि माळरान राखण्याच्या कामी आणले. 2021 मध्ये हा पक्षी जागतिक लाल यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ ठरला.

सर्वांत मोठा धक्का मात्र वाघाने दिला. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यात जन्मलेल्या ‘सी-1’ या नराला फेब्रुवारी 2019 मध्ये रेडिओ कॉलर लावली गेली. जूनमध्ये तो बाहेर पडला आणि तेलंगणाचा आदिलाबाद, नांदेड, हिंगोली असा फिरत, पश्चिम विदर्भाचा शेतीचा मुलूख ओलांडून, 1 डिसेंबरच्या सुमारास बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. तोपर्यंत 1,300 किमी चाल झाली होती. एप्रिल 2020 मध्ये कॉलर काढली तेव्हा आकडा 3,000 किमीवर गेला होता. नाव पडले ‘वॉकर’.

अंतरापेक्षा त्याची रीत अधिक बोलकी आहे. तो बहुतेक रात्री चाले आणि दिवसा उभ्या पिकात किंवा झुडपांत पडून राही. रानडुकरे आणि गुरे हे त्याचे भक्ष्य. माणसाशी गाठ एकदाच पडली: तो विसावला होता त्या झुडपात शिरलेला एक जण जखमी झाला. एवढे मोठे जनावर महिनोन्‌महिने शेतांतून फिरते आणि गावाला बहुधा पत्ताही लागत नाही, हे कॉलर नसती तर कुणी मानले नसते.

पुढे हा अपवाद उरला नाही. मार्च 2021 मध्ये टिपेश्वरचाच दुसरा एक नर मराठवाड्यातील गौताळ्याच्या कॅमेऱ्यात दिसला. अनेक दशकांत तिथे वाघ नव्हता. डिसेंबर 2024 मध्ये आणखी एक धाराशिवच्या येडशी-रामलिंग अभयारण्यात उमटला. दोघांचीही ओळख पटली ती अंगावरच्या पट्ट्यांवरून, कारण ते दोन वाघांचे कधीच जुळत नाहीत. टिपेश्वर ते ज्ञानगंगा अशी सरळ रेघ ओढली, तर ती वाशिमच्या आसपासच्या शिवारांतूनच जाते.