कार्टून आहे, म्हणजे चालेल?

16 एप्रिल 1988 या दिवशी स्टुडिओ जिब्लीचे दोन अ‍ॅनिमेशनपट जपानमध्ये जोडीनं प्रदर्शित झाले. दोन्हींत चार वर्षांची एक मुलगी आहे. हायाओ मियाझाकी यांच्या ‘माय नेबर टोटोरो’मधली मेई गावाकडच्या नव्या घरात राहायला येते, झाडीत शिरते आणि तिला एक भलामोठा, केसाळ, झोपाळू प्राणी भेटतो. इसाओ ताकाहाता यांच्या ‘ग्रेव्ह ऑफ द फायरफ्लाइज’मधली सेत्सुको दुसऱ्या महायुद्धातल्या बॉम्बहल्ल्यात आईला गमावते आणि पुढे भावाच्या डोळ्यांदेखत उपासमारीनं मरते. स्टुडिओ तोच, तारीख तीच, रेखाटनाची कोवळीकही तशीच. पहिला चित्रपट चार वर्षांच्या मुलाला मी आनंदानं दाखवेन. दुसरा फार मोठा चित्रपट आहे, पण तो मोठ्यांनीच पाहावा.

‘कार्टूनच आहे, लावून दे’ हा बालवाडीच्या वयातल्या मुलांच्या घरांत सर्वांत जास्त दिसणारा गैरसमज. अ‍ॅनिमेशन ही चित्रपट करण्याची पद्धत आहे, प्रेक्षकाचं वय नव्हे. आणि जे खरोखर मुलांसाठी बनतात, तेही तपासावेत. ‘फाइंडिंग नीमो’त पहिल्या काही मिनिटांतच आई आणि एक सोडून सगळी अंडी नाहीशी होतात. ‘द लायन किंग’मध्ये छोटा सिम्बा मेलेल्या बापाला उठवू पाहतो. आठ-नऊ वर्षांचं मूल हे पेलतं, त्यावर बोलतं. आई स्वयंपाकघरात गेली तरी मागोमाग जाणाऱ्या साडेतीन वर्षांच्या मुलासाठी मात्र तो प्रसंग म्हणजेच चित्रपट. पुढचं सगळं त्याच्या डोळ्यांसमोरून नुसतं जातं.

दुसरा भरवसा असतो सेन्सॉरच्या ‘यू’ प्रमाणपत्राचा. ‘यू’ म्हणजे वयाचं बंधन नाही, इतकंच. हे तीन वर्षांच्या मुलाला कळेल, झेपेल, आवडेल, अशी हमी त्यात नाही. 2023 च्या कायदादुरुस्तीनं ‘यूए’चे 7, 13 आणि 16 वर्षांवरील असे तीन टप्पे केले, ओटीटीवर अशी वर्गवारी 2021 च्या नियमांपासून आहे. पण सर्वांत खालचा टप्पा सात वर्षांचा. त्याखाली सरसकट ‘यू’. म्हणजे नेमक्या आपल्या वयोगटासाठी कायदा काहीच सांगत नाही. ते काम घरच्यांचं.

2016 मध्ये ‘द जंगल बुक’ला ‘यूए’ मिळालं तेव्हा देशभर हसू झालं. मोगलीची गोष्ट, तिला कसलं ‘यूए’! थ्रीडीमध्ये प्राणी अंगावर झेप घेतल्यासारखे वाटतात, असं कारण मंडळाच्या तेव्हाच्या अध्यक्षांनी दिलं होतं. मला ते कारण हसण्यासारखं वाटत नाही. अंधाऱ्या थिएटरात, मोठ्या आवाजात शेरखान पडद्याबाहेर आल्यासारखा वाटला, तर चार वर्षांच्या मुलाला तो बाहेर आलेलाच असतो.

आपल्याकडचा खास गैरसमज वेगळा आहे: गोष्टीत लहान मूल आहे आणि चित्रपट चांगला आहे, म्हणजे तो लहान मुलांचा. ‘श्वास’ (2004) मराठीचा अभिमान आहे; पण त्यातल्या छोट्या परशाला डोळ्यांचा कॅन्सर आहे, आणि जीव वाचवायचा तर दृष्टी जाणार आहे. ‘टिंग्या’त लाडका बैल खाटकाकडे जाऊ नये म्हणून पोराची धडपड आहे. ‘नाळ’मधल्या चैत्याला आपली आई जन्मदाती नाही हे कळतं. बालवाडीतल्या मुलाच्या जगातली एकमेव पक्की गोष्ट म्हणजे आई, आणि तीच इथे डळमळते. हे चित्रपट मुलांविषयी आहेत, पण एवढ्या लहान मुलांसाठी नाहीत. आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ संस्कारांचा म्हणून नातवंडांना लवकर दाखवावा असं अनेक आजी-आजोबांना वाटतं. त्यांची माया खरी आहे. पण त्या चित्रपटात आई जाते. तो दहाव्या वर्षी पाहिला तर आयुष्यभर सोबत राहील. चौथ्या वर्षी दाखवायची घाई कशाला?

मूल घाबरलं की आपण सगळेच म्हणतो, ‘अरे, खोटं असतं ते!’ मुलांच्या भीतीचा अनेक वर्षं अभ्यास केलेल्या अमेरिकी संशोधक जोअ‍ॅन कँटर यांना दिसलं, की बालवाडीच्या वयात असं समजावणं फारसं उपयोगी पडत नाही. जवळ घेणं, पाणी देणं, आवडतं खेळणं हातात देणं याचा जास्त उपयोग होतो. त्यांनी आणि ग्लेन स्पार्क्स यांनी ‘द इनक्रेडिबल हल्क’ मालिकेवर केलेला अभ्यास प्रत्येक पालकानं लक्षात ठेवावा. साध्या माणसाचा हिरवा राक्षसी हल्क होतो, तिथे लहान मुलं सर्वांत जास्त घाबरली. हल्क तर लोकांना वाचवणारा! मोठ्या मुलांना ते कळत होतं, लहानांना फक्त त्याचं रूप दिसत होतं. म्हणून ‘शेवटी चांगल्याचाच विजय होतो’ ही समजूत या वयात कामाची नाही. चित्रपट आधी स्वतः बघताना शेवट गोड आहे का, याहून चेहरे, रूपबदल, अचानक येणारे आवाज आणि आईबापांपासून ताटातूट यांकडे लक्ष द्यावं.

‘टोटोरो’तही एक जागा आहे: मेई हरवते आणि तळ्यात एक छोटी चप्पल सापडते. तिथे शेजारी बसून ‘ती मेईची नाही हं’ असं लगेच सांगून टाकावं. त्यातली आई इस्पितळात आहे. आपल्या घरातही कोणी आजारी असेल, तर हाच चित्रपट काही महिने थांबू शकतो.

राहिला वेळेचा प्रश्न. चित्रपट एका बैठकीत संपवायला हवा, असं काही नाही. तीन-चार वर्षांच्या मुलांचं पडद्यासमोर बसणं दिवसाला एका तासापेक्षा जास्त नसावं, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 मध्ये सांगितलं आहे. ‘टोटोरो’ 86 मिनिटांचा आहे. दोन दिवसांत पाहावा. 2011 चा ‘विनी द पू’ जेमतेम तासाभराचा आहे. ‘शॉन द शीप’ मालिकेचे भाग सातेक मिनिटांचे आणि संवादाशिवाय आहेत; पुण्यातली आजी आणि न्यू जर्सीतला नातू ते सारख्याच मजेनं पाहू शकतात. थिएटरात जायचंच असेल तर कडेच्या खुर्च्या घ्याव्यात, आणि मूल ‘घरी चल’ म्हणालं तर मध्यंतराची वाटही न बघता उठावं. तिकिटाचे पैसे गेले तर जाऊ द्यावेत.

आणि तोच चित्रपट, तोच प्रसंग पुन्हा पुन्हा मागितला तर कंटाळून नवा लावू नये. अमेरिकेत ‘ब्लूज क्लूज’ या कार्यक्रमाचा एकच भाग तीन ते पाच वर्षांच्या मुलांना सलग पाच दिवस दाखवून पाहिला, तेव्हा त्यांना तो दरवेळी अधिक कळत गेला आणि ती जास्त उत्साहानं उत्तरं देऊ लागली. पुढे काय होणार हे ठाऊक असतं तेव्हाच एवढ्या लहान मुलाला गोष्टीकडे नीट बघता येतं.