बोलके यंत्र आणि बोगस माल

नागपूर शहराच्या दक्षिणेला, विमानतळाला लागून मिहान आहे. विमानाने, रेल्वेने आणि सडकेने येणारा माल एका जागी उतरावा आणि तिथूनच पुढे जावा, यासाठी ही जागा ठरली. २००२ साली राज्य सरकारने त्यासाठी विमानतळ विकास कंपनी काढली. शिवणगाव, खापरी, तेल्हारा, दहेगाव अशा गावांच्या जमिनी त्यात गेल्या. जिथे कापूस आणि तूर उभी राहायची, तिथे आज टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल या कंपन्यांच्या कचेऱ्या आहेत. तिथे पोरे-पोरी दिवसभर संगणकावर काम करतात.

संगणकाचे हे जग आता आपल्या हातातल्या मोबाईलमध्येही आले आहे. मोबाईलवर माल मागवता येतो. साडी येते, चप्पल येते, फवारणीचा पंप येतो, बियाणेही येते. घरबसल्या वस्तू मिळते, ही सोय चांगली. पण बाजार आला की भामटाही येतो. गुजरीत जसा येतो, तसा मोबाईलवरही येतो.

बोगस माल म्हणजे काय?

चांगल्या कंपनीचे नाव असते, तिचे चित्र असते. त्याला आपण छाप किंवा मार्का म्हणतो. छाप पाहून आपण भरवसा ठेवतो. भामटा तोच छाप दुसऱ्याच मालावर मारतो. पिशवी तशीच, रंग तसाच, आत मात्र भलतेच. हा बोगस माल.

हे दुखणे साऱ्या जगाला आहे. २०२१ साली जगातल्या देशांनी बाहेरून जो माल आणला, त्यात शंभर रुपयांमागे सुमारे सव्वादोन रुपयांचा माल बनावट होता, असा हिशेब जाणकारांनी काढला आहे.

चप्पल बोगस निघाली तर चार महिन्यांत तुटते. पण बियाणे बोगस निघाले तर? मृगात पेरलेले उगवत नाही. दुबार पेरणीला पैसा नसतो. मोसम निघून जातो, कर्ज मात्र राहते. औषध बोगस निघाले तर अळी मरत नाही, पीक मरते. म्हणून ही गोष्ट आपण नीट समजून घेतली पाहिजे.

बोलके यंत्र काय करते?

२०२२ च्या नोव्हेंबर महिन्यात चॅटजीपीटी नावाचे एक साधन लोकांच्या हाती आले. पुढे तशी आणखी पुष्कळ आली. यांना चॅटबॉट म्हणतात. आपण याला बोलके यंत्र म्हणू. त्याला मराठीत विचारा, ते मराठीत उत्तर देते. पत्र लिहून देते, अर्ज लिहून देते, हिशेब समजावते.

कोणी म्हणेल, "काहून बाप्पा, ते यंत्र इतके हुशार, तर मग ते खोटे बोलेल का?"

ऐका. या यंत्राला जगातले अफाट लिखाण वाचायला दिलेले असते. त्यावरून कोणत्या शब्दापुढे कोणता शब्द यावा, हे ते शिकते. काही यंत्रे उत्तर देण्याआधी इंटरनेटवर शोधही घेतात. पण ते दुकानात जाऊन आलेले नसते. त्याने पिशवी फोडून पाहिलेली नसते. गावचा कोतवाल दवंडी पिटतो. त्याला जे सांगितले, ते तो ओरडतो. चिठ्ठीच खोटी असेल, तर दवंडीही खोटी होते. यंत्राचेही तसेच आहे. भामट्यांनी इंटरनेटवर "आमचेच दुकान खरे" असे दहा ठिकाणी लिहून ठेवले, तर यंत्र कधी कधी तेच आपल्याला सांगते. आणि सांगते मोठ्या ठामपणे.

भामट्याला काय फायदा झाला?

भामटे आधीही होतेच. २०२० साली अमूलचे प्रकरण दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेले. काही लोकांनी अमूलच्या नावाशी मिळतीजुळती संकेतस्थळे काढली होती. एजन्सी देतो असे सांगून ते लोकांकडून पैसे उकळत. ती स्थळे बंद करण्याचा हुकूम न्यायालयाने दिला. त्या वेळी बोलके यंत्र लोकांच्या हाती नव्हते. आता आहे. त्यामुळे तीन गोष्टी बदलल्या.

पहिली गोष्ट भाषेची. पूर्वी खोटी जाहिरात भाषेवरून ओळखू यायची. मराठी मोडकी असायची. आता यंत्र शुद्ध मराठी लिहून देते. ती खूण गेली.

दुसरी गोष्ट शिफारशीची. "मी हा माल घेतला, फार चांगला निघाला," असे लोक मालाखाली लिहितात. यंत्राकडून अशा शंभर शिफारशी घटकाभरात लिहून घेता येतात. माणूस एकही नसतो.

तिसरी गोष्ट गोड बोलण्याची. खोट्या दुकानात "दादा, काय मदत करू?" असे विचारायला यंत्र बसवता येते. ते रात्रंदिवस बोलते, थकत नाही.

राखण करणारेही यंत्रच वापरतात

पण शेताला जसा राखणदार, तसा छापालाही राखणदार असतो. मोठ्या कंपन्या आणि ऑनलाइन दुकाने संगणकाकडून लाखो जाहिराती तपासून घेतात. चित्र चोरलेले आहे का? भाव फारच कमी आहे का? विकणारा कालच उगवला आहे का? शंका आली की माणूस पाहतो आणि जाहिरात काढून टाकतो. पण एक काढली की भामटा दुसरी लावतो. म्हणून सगळी राखण त्यांच्यावर सोडून चालत नाही.

आणि छाप केवळ कंपन्यांचाच असतो असे नाही. आपल्या नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे दुसरीकडचे फळ या नावाने विकणे कायद्याला मान्य नाही. हे नाव इथल्या सगळ्या बागाईतदारांचे आहे. बागाईतदार आपले नाव सरकारी दप्तरी नोंदवून ही खूण वापरू शकतो. खोटे संत्रे या नावावर खपले, की खऱ्या संत्र्याचा भाव पडतो.

आपण काय करावे?

यंत्राला जरूर विचारा. पण "कुठून घेऊ?" एवढेच विचारून थांबू नका. "हा माल खरा कसा ओळखावा? पिशवीवर काय काय लिहिलेले असावे?" असे विचारा. मग तेच कृषी सहायकालाही विचारा.

बियाणे विकायला परवाना लागतो. तो नसेल तर घेऊ नका. प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळी चिठ्ठी असते, ती पाहा.

पक्के बिल घ्या. बिल, चिठ्ठी, रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणे पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा. तोच आपला पुरावा.

सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. आठवड्याने मोजा. सत्तर तरी उगवले पाहिजेत.

चॅटवर कोणी ओटीपी मागितला, तर देऊ नका. माल विकणाऱ्याला त्याची गरज नसते.

फसगत झाली तर?

लाजून गप्प बसू नका. बियाण्याची तक्रार तालुक्याच्या कृषी अधिकाऱ्याकडे लेखी द्या. ऑनलाइन दुकानाने तक्रारीसाठी अधिकारी नेमलाच पाहिजे, असा २०२० सालचा नियम आहे. त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तक्रार निकाली काढायची. तिथे दाद लागली नाही, तर ग्राहकांसाठी १९१५ हा सरकारी फोन आहे. खात्यातून पैसे गेले असतील, तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर, तितके पैसे दूर जातात. जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही.

बाजारात बैल घेताना आपण त्याचे दात पाहतो, चालवून पाहतो. विकणारा किती गोड बोलतो, यावर बैल घेत नाही. मोबाईलवरचा माल घेतानाही तीच रीत ठेवा. आता तुम्हांला वाचता येते. पिशवीवरचे वाचा, बिलावरचे वाचा, आणि शेजाऱ्यालाही वाचून दाखवा.