पाच वाजताची धून

पहिल्या संध्याकाळी मी खोक्यातून कुकर काढत होते, तेव्हा बाहेरून एक धून ऐकू आली. संथ, जराशी उदास, लहान मुलांच्या गाण्याची असावी अशी. खिडकीतून पाहिले तर ती खांबावरच्या कर्ण्यातून येत होती आणि खालच्या मैदानातली मुले खेळ टाकून घराकडे निघाली होती. घड्याळात बरोबर पाच वाजले होते. मिरजेला दिवेलागणीच्या वेळी सासूबाई तुळशीपुढे निरांजन ठेवायच्या आणि अंगणातूनच नातवंडांना हाका मारायच्या. इथे हाक मारायचे काम कर्ण्याकडे आहे, एवढेच मला त्या दिवशी समजले.

ते 2010 सालचे मे महिन्यातले दिवस. नवऱ्याला टोकियोत एका बँकेच्या संगणक विभागात काम मिळाले होते. मुलगी पाच वर्षांची होती आणि मला पाचवा महिना लागला होता. राहायला आलो ते एदोगावा भागातल्या निशी-कासाईत. तिथेच का, याचे उत्तर आमच्या आधी आलेल्यांकडे होते. 2000 साल उजाडताना संगणकांतल्या तारखांचा घोळ होईल या धास्तीने जपानी कंपन्यांनी भारतातून बरेच इंजिनियर बोलावले. त्यांच्या कचेऱ्या शहराच्या मध्यभागी, ओतेमाची-कायाबाचोच्या बाजूला होत्या आणि निशी-कासाईहून तोझाई लाइनची गाडी न बदलता तिथे जाते. घर मिळणे मात्र कठीण होते. जामीन राहायला जपानी माणूस हवा, घरमालकाला परत न मिळणारी रक्कम द्यायला हवी, आणि इतके करूनही परदेशी भाडेकरू नको म्हणणारे भेटत. इथल्या यूआरच्या, म्हणजे निमसरकारी, इमारतींत यातले काहीच लागत नाही. चहाचे व्यापारी जगमोहन चंद्रानी 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून या भागात राहत होते. त्यांनी त्या पहिल्या मुलांना घरे आणि जेवणखाण मिळवून देण्यासाठी खूप खटपट केली. आम्ही आलो तेव्हा हिंग आणि तूरडाळ स्टेशनाजवळच मिळत होती, ती त्यांच्यासारख्यांच्या पुण्याईने. भाताचीही चिंता मिटली. तिथला आखूड, चिकटसर तांदूळ वरणाबरोबर कालवला की आंबेमोहोराची आठवण यायची.

खरी परीक्षा कचऱ्याची होती. जळणारा, न जळणारा, बाटल्या, डबे, कागद, प्रत्येकाचा वार वेगळा आणि वेळ सकाळची. दुसऱ्याच आठवड्यात आमची पिशवी चिकटपट्टी लावून तशीच मागे ठेवलेली दिसली. तळमजल्यावरच्या एक आजी बाहेर आल्या, तिथेच उकिडव्या बसल्या, पिशवी सोडली आणि माझ्यासमोर एकेक वस्तू वेगळी केली. भाजीची देठे इकडे, दुधाचा खोका तिकडे. लाजेने माझे कान तापले. घरी येऊन मी रडले. आपल्या घरातले खरकटे परक्या बाईने हाताळावे, हे मनाला फार लागले होते. त्यांनी दाखवले म्हणून मी पुढे कधी चुकले नाही, हे कळायला अनेक महिने गेले.

या आजी दुपारी दारापुढच्या बाकावर बसत. शाळेतून परतणाऱ्या प्रत्येक मुलाला म्हणत, ‘ओकाएरी’. मला म्हणत, ‘कोन्निचिवा’. पहिला शब्द घरी परतणाऱ्या माणसासाठी, आपल्याकडच्या ‘आलीस का गं?’सारखा. दुसरा कोणालाही करायच्या नमस्काराचा.

मुलीला जपानी चटकन आले. मला वाटते, त्यात मराठीचाही हात होता. दोन्हींत क्रियापद शेवटी येते, नामाला शेपूट जोडले की विभक्ती होते, आणि आपण वाक्याच्या टोकाला ‘ना’ लावतो तसे ते ‘ने’ लावतात. ‘छान आहे ने?’ असे ती फोनवर आजीला म्हणाली तेव्हा मिरजेला कोणालाच ते खटकले नाही.

सप्टेंबरात मुलगा झाला. सासूबाईंना व्हिसा वेळेत मिळाला नाही. डिंकाचे लाडू कोणाच्या तरी सामानातून आले, शेक-शेगडी झालीच नाही. दहाव्या दिवशी तळमजल्यावरच्या आजींनी दाराला एक पिशवी अडकवली होती. आत दोन मऊ पंचे आणि बाळाचे मोजे.

मग 11 मार्च 2011, शुक्रवार. दुपारी 2 वाजून 46 मिनिटांनी घर हलू लागले आणि थांबेचना. सहाव्या मजल्यावर मी दोन्ही मुलांना घेऊन टेबलाखाली होते. थोड्या वेळाने त्याच कर्ण्यातून आवाज आला. धून नव्हती, माणूस बोलत होता. त्यातला एकच शब्द मला कळला, त्सुनामी. कर्णा खांबावर कशासाठी आहे आणि ती धून रोज का वाजते, ते तेव्हा उमगले. संकटाच्या दिवशी आवाज पोहोचेल ना, याची ती रोजची चाचणीही असते. लिफ्ट बंद होती. सत्तरी ओलांडलेल्या आजी सहा मजले चढून आल्या, दाराबाहेरच्या गॅसच्या मीटरवरचे बटण दाबून मला दाखवले. मोठ्या धक्क्यानंतर गॅस आपोआप बंद होतो, तो असा सुरू करायचा. नवरा ओतेमाचीहून दहा-अकरा किलोमीटर चालत, अराकावा नदी ओलांडून रात्री घरी पोहोचला. फोन लागत नव्हते.

आमच्या भागात फारशी पडझड झाली नाही. दोन स्टेशने पलीकडच्या उरायासूत मात्र जमिनीतून चिखल वर आला आणि घरोघरीचे नळ कोरडे पडले. मग फुकुशिमाच्या अणुवीज केंद्राच्या बातम्या सुरू झाल्या. मिरजेहून दिवसातून चार फोन येत. 23 मार्चला जाहीर झाले की कानामाची जलशुद्धीकरण केंद्राच्या पाण्यात किरणोत्सारी आयोडीन आहे, लिटरमागे 210 बेकेरेल. तान्ह्या मुलांसाठी मर्यादा 100 होती. बाळ असलेल्या प्रत्येक घराला सरकारने अर्ध्या लिटरच्या तीन बाटल्या दिल्या. रांगेत कोणी पुढे घुसले नाही, कोणी जास्त मागितले नाही. मी मात्र घरी येऊन त्या तीन बाटल्यांकडे पाहिले आणि सामान बांधायला घेतले.

निघताना आजी बाकावर होत्या. त्यांना जायला दुसरे गाव नव्हते. मी मान खाली घालून ‘येते’ म्हटले, मराठीतच. आजही तो क्षण आठवला की घशात काहीतरी अडकते. मला मुलांना न्यायचेच होते, आणि तरीही आपण त्यांना टाकून चाललो आहोत असे वाटत होते.

एप्रिलच्या अखेरीस परतलो. बरीच भारतीय घरे तेव्हाही बंदच होती. स्टेशनावरून बॅगा ओढत इमारतीपाशी आलो तेव्हा पाच वाजत होते, कर्ण्यातून धून सुरू झाली होती. आजी बाकावरून उठल्या. मुलीकडे पाहिले, बाळाकडे पाहिले, मग माझ्याकडे.

‘ओकाएरी,’ त्या म्हणाल्या.

त्याला काय उत्तर द्यायचे ते मला माहीत होते, पण तोंडातून शब्द फुटेना. मुलगीच मोठ्याने म्हणाली, ‘तादाइमा.’ आले मी.