पुराचा नकाशा
धारवाडच्या उंचवट्यावर पडणारा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो. सोमेश्वरापाशी उगम पावणारी शाल्मला अरबी समुद्राची वाट धरते. पूर्वेकडचे पाणी बेण्णीहळ्ळ मलप्रभेत नेतो आणि कृष्णेवाटे ते बंगालच्या उपसागरास मिळते. कन्नडात ‘हळ्ळ’ म्हणजे ओढा. परंतु हाच ओढा पावसाळ्यात नवलगुंदच्या सपाट काळ्या रानात पसरतो. काळी माती भिजून फुगली की पाणी जिरत नाही आणि उतार नसल्याने ते पुढेही सरकत नाही.

धरण असता भय कसले, असे काही जण म्हणतात. पण सौंदत्तीजवळचे धरण मलप्रभेवर आहे आणि बेण्णीहळ्ळ तिला मिळतो तो धरणाच्या खाली. ऑगस्ट २०१९ मध्ये मलप्रभेच्या पुराने पट्टदकलच्या मंदिरांना वेढले, हे आपणांस स्मरत असेल.

चढउतार, माती, पर्जन्यमान व ओढ्यांचे जाळे एकावर एक मांडून तज्ज्ञ पूरप्रवण भागाचा नकाशा सिद्ध करतात. तथापि सखल जागा कळणे हे अर्धेच ज्ञान होय. एकाच पातळीवरील दोन घरांपैकी एक दगडी, दुसरे मातीचे. एकात धडधाकट माणसे, दुसऱ्यात अंथरुणास खिळलेली आजी. पाणी सारखेच, धोका मात्र सारखा नव्हे. ही नोंद उपग्रह करीत नाही.

म्हणून आम्हांस वाटते, भूगोलाच्या तासाला मुलांनी आपल्या गावाचा नकाशा काढावा. पूर्वी पाणी कोठवर चढले होते हे वृद्धांना विचारावे आणि अपरात्री प्रथम कोणते दार ठोठवावयाचे, तेही त्यावर लिहावे.